लँडिंगच्या आधी खिडकी उघडा, पाठ सरळ करा, ट्रे बंद करा: हे सगळं नेमकं कशासाठी?

भटकभवानी

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न विचारते. रात्रीचं विमान, दिवे मंद, आजूबाजूला सगळे घोरतायत. उतरायला अर्धा तास राहिला की केबिन क्रू येऊन हाक मारून उठवतात, खिडकीचं शटर वर करा. बाहेर मिट्ट काळोख. मी काय बघू त्यात? मग पाठ सरळ करा. ती मुळात मागे जाते चार बोटं, तेवढ्यानं काय बिघडतं? मग हेडफोन काढा, मांडीवरची पर्स सीटखाली सरकवा, पांघरूण बाजूला करून पट्टा दाखवा.

नियम पाळायला माझी ना नाही, पाळतेच. पण कारण विचारलं तर "सुरक्षेसाठी" एवढं एकच उत्तर मिळतं. माझा संशय असा की यातले निम्मे नियम जुन्या काळापासून नुसते चालत आलेत आणि ते का केले हे आता कुणालाच आठवत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. टॉयलेट, लहान मुलं, पॉवर बँक असे फाटे फुटले तरी चालतील.

मधली_सीट

मला कायम मधली सीट मिळते. ना खिडकी, ना धड हात ठेवायला जागा. त्यामुळे यातला एकही नियम मला लागू होत नाही. मी फक्त गंमत बघायला बसलोय.

शंकासुर

धागाकर्तीशी शंभर टक्के सहमत. फोनचंच घ्या. इतकी वर्षं सांगत होते की फोन बंद करा, नाहीतर विमानाच्या यंत्रणा बिघडतील. 2013 च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, परवानगी दिली, फ्लाइट मोडवर ठेवा आणि टेकऑफ-लँडिंगलाही खुशाल वापरा. पाठोपाठ युरोपनंही तेच केलं. एका रात्रीत सगळी विमानं बदलली का? नाही ना? मग आधी आपल्याला घाबरवत होते ते कशाच्या जोरावर?

पंखवाली

मी बरीच वर्षं केबिन क्रू होते. आता जमिनीवरची नोकरी करते, त्यामुळे मोकळेपणानं लिहिते.

शटर तुम्ही बाहेर बघावं म्हणून उघडायला लावत नाहीत, आम्हाला बघता यावं म्हणून लावतात. विमान अवेळी थांबलं आणि प्रवाशांना बाहेर काढायची वेळ आली, तर दार उघडण्याआधी पहिलं काम म्हणजे त्या बाजूला आग, धूर, पाणी किंवा फाटलेला पत्रा आहे का ते बघणं. चुकीचं दार उघडलं की आग आत येते आणि ते दार मग बंद होत नाही. दारावरची काच असते वीतभर, त्यातून दोन दारांच्या मधल्या भागाबाहेर काय चाललंय ते नीट दिसत नाही. केबिनच्या खिडक्या उघड्या असतील तर मान वळवली की दोन्ही बाजू कळतात. बाहेरून मदतीला आलेल्या लोकांनाही आत काय चाललंय ते दिसतं.

काळोखाचं म्हणाल तर दिवे मुद्दाम मंद करतात. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. लख्ख उजेडातून थेट काळोखात, दाराला लागून उघडणाऱ्या आणीबाणीच्या घसरगुंडीवर उडी मारायची झाली तर पुढचा माणूस खाली उतरून बाजूला झालाय की नाही हेच दिसणार नाही. दिवसा शटर खाली असतील तर उलट होतं, बाहेर आल्या आल्या डोळे दिपतात.

पाठ सरळ करायची ती तुमच्यासाठी नाही, मागच्या माणसासाठी. कधी मुद्दाम बघा, पुढची सीट मागे आलेली असताना खिडकीजवळच्या माणसाला बाहेर पडायला अंग तिरकं करून, एक हात पुढच्या पाठीवर टेकून, गुडघा सोडवत यावं लागतं. शांतपणे टॉयलेटला जाताना हे चालतं. धुरात नाही चालत. ट्रेचंही तेच. आणि डोकं खाली घालून बसण्याची वेळ आली तर समोरची पाठ ठरलेल्या जागीच असायला हवी.

हेडफोन काढायचे कारण "खाली वाका" ही ओरड पहिल्या वेळीच ऐकू यायला हवी. दुसऱ्यांदा ओरडायला वेळ मिळेलच असं नाही.

एक गोष्ट प्रवाशांना सहसा ठाऊक नसते. उतरताना आम्ही जंप सीटवर, म्हणजे दारापाशी क्रूसाठी असलेल्या घडीच्या सीटवर, हात मांडीखाली घालून गप्प बसलेलो असतो, तेव्हा मनात उजळणी चालू असते. माझं दार कुठलं, कसं उघडतं, पहिला हुकूम कुठला द्यायचा, समोरच्या रांगेत धडधाकट कोण, कुणाला आधार लागेल. नेमकं तेव्हाच कुणीतरी पाण्यासाठी घंटी वाजवतं.

मधली_सीट

म्हणजे तुम्ही लोक माझ्याकडे रोखून बघत असता ते "हा धडधाकट आहे का" म्हणून? मी भलताच अर्थ घेत होतो.

पंखवाली

@मधली_सीट, तुमचा अर्थ तसाच राहू द्या, प्रवास सुखाचा होतो.

नटबोल्ट

मी विमानांच्या देखभालीत काम करतो. पंखवाली यांच्या प्रतिसादाला एक आकडा जोडतो, म्हणजे ती चार बोटं का महाग आहेत ते कळेल.

44 पेक्षा जास्त आसनांच्या विमानाला प्रमाणपत्र मिळवायचं तर भरलेलं विमान 90 सेकंदांत रिकामं होऊ शकतं हे सिद्ध करावं लागतं. तेही निम्मीच दारं वापरून, अंधारात, वाटेत उशा-पांघरुणं टाकून. कुठली दारं चालणार हे आतल्या कुणालाच आधी सांगत नाहीत. एअरबस ए380 ची ही चाचणी 2006 साली हॅम्बुर्गला झाली. 853 प्रवासी आणि 20 कर्मचारी 78 सेकंदांत बाहेर पडले.

पण ही चाचणी होते टेकऑफच्या तयारीतल्या केबिनमध्ये, म्हणजे पाठी सरळ, ट्रे बंद, पायाशी सामान नाही. तुम्ही पाठ मागे टाकून बसलात की तो 90 सेकंदांचा हिशेब तुमच्या रांगेपुरता रद्द झाला असं समजा.

@शंकासुर, फोनबद्दल. 2013 आधीचा नियम "बिघडेल" असा नव्हता. "बिघडणार नाही हे कुणी तपासलेलं नाही" असा होता. तपासलं, परवानगी दिली, यात घाबरवणं कुठे आलं? शिवाय आकाशात मोबाइलचं नेटवर्क वापरायला अमेरिकेत 1991 पासून जी बंदी आहे ती विमानासाठी नव्हतीच, जमिनीवरच्या टॉवरसाठी होती. इतक्या उंचीवरून एक फोन एकाच वेळी ढीगभर टॉवरना दिसतो आणि त्यांचा गोंधळ उडतो.

शंकासुर

@नटबोल्ट, ठीक, अर्धा मुद्दा मान्य. पण मग विमान पडत नाही हे तर खरंच ना? प्रत्येक विमानात दोन-चार महाभाग फोन चालू ठेवतातच.

नटबोल्ट

पडत नाही. जुन्या पद्धतीचा फोन टॉवर शोधायला लागला की वैमानिकाच्या हेडसेटमध्ये टिर्र-टिर्र येते, नेमकी कंट्रोल टॉवर काही सांगत असताना. दुसरं म्हणजे रेडिओ अल्टिमीटर. धावपट्टीपासून आपण किती फूट वर आहोत हे तो सांगतो आणि चालतो 4.2 ते 4.4 गिगाहर्ट्झवर. अमेरिकेत 5जीला त्याच्या शेजारचा 3.7 ते 3.98 चा पट्टा दिला, तेव्हा 2022 च्या जानेवारीत केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? तो जमिनीवरच्या टॉवरवरून होता, प्रवाशांच्या फोनवरून नव्हे, हे खरं. पण धुक्यात उतरताना त्या आकड्याशी कुणालाच खेळायचं नसतं.

गप्पिष्ट

अवांतर: आमच्या शेजारचे काका फ्लाइट मोड लावल्यावर "आता विमान उडणार" असं फोनलाच सांगतात.

चिकित्सक

चर्चा छान चाललीय, पण शटरबद्दल एक गोष्ट राहिली. हा नियम जगभर सारखा नाही. अमेरिकेत पट्टा, पाठ आणि ट्रे यांचे नियम आहेत, प्रवाशांच्या शटरचा मात्र सरकारी नियम नाही. तिथे ते कंपनीवर सोडलंय. म्हणजे एका विमानात उठवून उघडायला लावतात आणि दुसऱ्यात कुणी विचारतही नाही. इतकं जिवाशी असेल तर हा फरक कसा काय?

आता उलट बाजूही सांगतो. 8 जानेवारी 1989, इंग्लंडमधला केगवर्थचा अपघात. बोइंग 737-400 च्या डाव्या इंजिनाचं पातं तुटलं. वैमानिकांनी गफलतीनं उजवं, म्हणजे चांगलं इंजिन बंद केलं. कॅप्टननं माइकवर सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केलंय. मागे बसलेल्या लोकांनी डाव्या बाजूच्या ठिणग्या स्वतः पाहिल्या होत्या. कुणी बोललं नाही. विमान धावपट्टीच्या अलीकडे मोटरवेच्या भरावावर आदळलं. 126 पैकी 47 जण गेले.

शंकासुर

@चिकित्सक, हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. खिडकीतून दिसलं होतं, तरी उपयोग झाला नाही. तिथे शटरचा नियम कामाला आला नाही. लोकांनी तोंड उघडायला हवं होतं.

चिकित्सक

बरोबर. पण न दिसलेल्या गोष्टीबद्दल तोंड तरी कसं उघडणार?

पंखवाली

केगवर्थ आम्हाला प्रशिक्षणात शिकवायचे. पूर्वी वैमानिक आणि केबिन यांच्यात अदृश्य भिंतच असायची, "साहेबांना दिसलंच असेल" म्हणून गप्प बसायचं. शिवाय 10,000 फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही हा अमेरिकेतला 1981 चा नियम, तो पुढे बाकीच्यांनीही उचलला. नवख्या क्रूला वाटायचं आता कॉकपिटला फोनच करायचा नाही. म्हणून आता बजावून सांगतात, धूर, वास, ठिणगी, विचित्र आवाज, काहीही असो, उंची बघत बसू नका, कळवा. प्रवाशांनीही आम्हाला सांगावं. आम्ही हसत नाही.

उगाच_एक

+1. पंखवाली यांनी वेगळा लेख लिहावा ही विनंती. वाचनखूण साठवली आहे.

निवांत_नाना

नियम बरोबर असतील हो, पण माणुसकी नावाची चीज आहे की नाही? माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा त्रास आहे. विमान खाली यायला लागलं, पट्ट्याचा दिवा लागला आणि त्यांना जायचं होतं. तिथल्या मुलीनं हातानंच बसा म्हणून खुणावलं. वडील बसले. पुढची पंचवीस मिनिटं त्यांचा चेहरा बघवत नव्हता, उतरल्यावर कुणाशी बोललेही नाहीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांना तक्रार केली तर "आपल्या सुरक्षेसाठी" असं छापील उत्तर आलं.

पंखवाली

नाना, वाचून वाईट वाटलं. खुणेनं बसवणं चूकच. जवळ येऊन, वाकून, हळू आवाजात बोलायला दहा सेकंद लागतात.

आतली गोष्ट सांगते. दिवा लागलेला असताना आम्ही "जा" म्हणू शकत नाही, कारण मग पडल्याची जबाबदारी आमच्यावर येते. पण अगदी शेवटचा टप्पा नसेल तर "दिवा चालू आहे, तुमच्या जबाबदारीवर" एवढं सांगून बाजूला होणारे क्रू पुष्कळ असतात. चाकं बाहेर आल्यावर मात्र नाही म्हणजे नाही. टॉयलेटमध्ये पट्टा नसतो आणि डोक्याशी, गुडघ्याशी सगळीकडे कडक कडा.

पुढच्या वेळी विमानात चढतानाच क्रूला सांगून ठेवा की यांना वरचेवर लागतं, उतरण्याआधी आठवण करा. घोषणा व्हायच्या दहा मिनिटं आधी येऊन नक्की सांगतात. आणि सीट कडेची घ्या, टॉयलेटच्या जवळची.

नाडीपरीक्षा

नानांसाठी: वडील लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेत असतील तर प्रवासाच्या दिवशी त्यांची वेळ बदलता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून गोळी बंद करू नका.

आता झोपेतून उठवण्याबद्दल. भटकभवानी, तुम्हाला उठवलं ते कानांसाठीही बरंच झालं. विमान खाली येताना केबिनमधला हवेचा दाब वाढत जातो आणि घशाला कानाशी जोडणारी नळी उघडली तरच तो आत-बाहेर सारखा होतो. जागा माणूस जांभई देतो, आवंढा गिळतो. झोपलेला माणूस फार कमी वेळा गिळतो, मग उतरल्यावर कान दुखतो. बाळाला खाली येताना अंगावर किंवा बाटलीनं पाजा. सर्दी असेल तर जास्त काळजी घ्या.

लेकुरवाळी

बाळाचा विषय निघालाच आहे तर. माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. एका कंपनीनं तिच्यासाठी छोटा पट्टा दिला, जो माझ्या पट्ट्यात अडकवायचा असतो. दुसऱ्या देशातल्या कंपनीनं सांगितलं की तो चालणार नाही, नुसतं हातात धरा. कोण खरं? आणि माझ्याच पट्ट्यात तिला घेतलं तर?

पंखवाली

आपल्या पट्ट्यात कधीच नाही! झटका बसला की तुमचं सगळं वजन आणि पट्टा यांच्या मध्ये बाळ सापडतं.

बाकी दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. युरोपात बाळाला तो जोडपट्टा लावावाच लागतो, कारण हातातून निसटून केबिनभर फेकलं जाण्यापेक्षा ते बरं असं तिथे मानतात. अमेरिकेत तो चालत नाही, कारण आईचं अंग पुढे वाकलं की बाळ चिरडतं असं ते मानतात. एक मात्र दोघांनाही मान्य आहे: सगळ्यात सुरक्षित म्हणजे बाळाला स्वतःचं तिकीट आणि मान्यता असलेली चाइल्ड सीट.

चिकित्सक

याला एक करुण संदर्भ आहे. 19 जुलै 1989, अमेरिकेतलं सू सिटी. सगळी हायड्रॉलिक यंत्रणा (विमान वळवायला लागणारी, द्रवाच्या दाबावर चालणारी) गेलेलं डीसी-10 विमान कसंबसं उतरवलं. 296 पैकी 112 जण गेले, बाकीचे वाचले हेच नवल. मुख्य केबिन कर्मचारी जॅन ब्राउन यांनी तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मांडीवरच्या बाळांना उशांनी आधार देऊन जमिनीवर ठेवायला सांगितलं होतं. त्यातलं एक बाळ वाचलं नाही. पुढे बाळांना स्वतंत्र सीट सक्तीची करा म्हणून त्या वर्षानुवर्षं झगडत राहिल्या. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर घ्यायची मुभा अमेरिकेत तरीही टिकून आहे. जादा तिकीट परवडत नाही म्हणून लोक विमानाऐवजी गाडीनं जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील, असा तिथल्या सरकारचा युक्तिवाद आहे.

लेकुरवाळी

धन्यवाद. पुढच्या वेळी तिच्यासाठी तिकीट काढणार. (नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय.)

शंकासुर

मी गप्प बसलो असं समजू नका. @नटबोल्ट, 90 सेकंदांचं एवढं सांगितलंत. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए350 उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. शेवटचा माणूस बाहेर पडायला 18 मिनिटं लागली. 90 सेकंद गेले कुठे?

नटबोल्ट

चांगला प्रश्न आहे. 90 सेकंद हा विमानाच्या रचनेचा आकडा आहे, अपघाताची हमी नाही. हानेडाला आठपैकी तीनच दारं वापरता आली. घोषणेची यंत्रणा बंद पडली, क्रूनं मेगाफोनवर आणि नुसतं ओरडून काम चालवलं. मागच्या दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याचा कॉकपिटशी संपर्कच होईना, तेव्हा त्यानं बाहेरची परिस्थिती बघून स्वतःच दार उघडायचं ठरवलं. पुन्हा तोच मुद्दा, बाहेर बघून. आतले सगळे 379 वाचले. तटरक्षक दलाच्या विमानातल्या सहांपैकी पाच जण मात्र गेले. आणि मोठी गोष्ट म्हणजे लोकांनी बॅगा आतच ठेवल्या.

गप्पिष्ट

बॅगांवरून आठवलं, दुबईला 2016 मध्ये एमिरेट्सचं तिरुअनंतपुरमहून आलेलं 777 धावपट्टीवर आपटलं होतं, त्याचा व्हिडिओ बघितलाय का कुणी? धूर भरतोय आणि लोक वरचे कप्पे उघडून लॅपटॉप शोधतायत.

चिकित्सक

3 ऑगस्टची गोष्ट. आतले 300 च्या 300 वाचले, पण एक अग्निशामक जवान गेला. थोड्याच वेळात इंधनाच्या टाकीचा स्फोट झाला होता. त्या व्हिडिओकडे बघून "सगळे वाचले ना, मग बॅग घेतली तर काय झालं" असं म्हणणारे भेटतात, त्यांना काय सांगायचं कळत नाही.

निवांत_नाना

मग ते वरचे कप्पे लँडिंगच्या वेळी कुलूपबंदच का करत नाहीत? कटकटच मिटली.

पंखवाली

सुचवलंय बऱ्याच जणांनी. मला भीती अशी की लोक वाटेतच उभं राहून कुलपाशी झटापट करतील आणि मागची रांग तुंबेल. त्यापेक्षा पासपोर्ट, औषधं, फोन उतरताना अंगावरच्या खिशात ठेवा. मग बॅगेत जीव अडकत नाही. बॅगेच्या चाकानं घसरगुंडी फाटली तर ते दार बाद, म्हणजे तुमच्या मागचे सगळे अडकले. हो, आणि उंच टाचा काढून ठेवा, पण साधे बूट आधीच घालून बसा. अनवाणी माणूस काचांवरून पळू शकत नाही.

मधली_सीट

आता माझा आवडता विषय. चाकं टेकल्या टेकल्या खाडकन पट्टे काढून उभे राहणारे! विमान अजून धावतंय, हे मान वाकडी करून कप्प्याखाली उभे. पुढे वीस मिनिटं त्याच पोझमध्ये. जणू दार उघडल्यावर पहिल्याला बक्षीस आहे. आणि मग बॅगेच्या पट्ट्यापाशी आम्ही सगळे पुन्हा एकत्र.

गप्पिष्ट

तुर्कस्ताननं 2025 मध्ये अशांची नावं कळवून दंड करायचं ठरवलं, तेव्हा मी घरात टाळ्या वाजवल्या.

नटबोल्ट

हसण्यावारी नेऊ नका. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, वैमानिकाला कधी कधी कचकन ब्रेक मारावा लागतो, समोर सामानाची गाडी येते. तेव्हा उभा असलेला माणूस आणि त्याच्या हातातली बारा किलोची बॅग, दोन्ही पुढच्या रांगेच्या डोक्यावर.

शंकासुर

पट्ट्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही हे नोंदवून ठेवतो. सिंगापूर एअरलाइन्सचं एसक्यू321, 21 मे 2024, हवेत बसलेले जबर हादरे. त्याचा प्राथमिक अहवाल वाचलाय. 0.6 सेकंदात +1.35 जी वरून उणे 1.5 जी! (एक जी म्हणजे जमिनीवर जाणवतं तेवढं वजन, उणे म्हणजे अंग वर फेकलं जाणं.) पट्टा नसलेले छताला, आणि पुढच्या चार सेकंदांत परत खाली. एका प्रवाशाचा जीव गेला. 0.6 सेकंदात कुणी पट्टा लावू शकत नाही. दिवा विझलेला असला तरी बसल्यावर मी सैल का होईना, लावून ठेवतो.

भटकभवानी

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. शटर, पाठ आणि ट्रे पटलं. पण माझा मूळ प्रश्न अर्धा राहिलाच. पंखवाली यांनी इथे चार परिच्छेदांत जे सांगितलं ते विमानात दोन वाक्यांत का नाही सांगत? "खिडकी उघडा, म्हणजे गरज पडल्यास आम्हाला बाहेर बघता येईल." संपलं. मी स्वतःहून उघडीन, शेजारच्यालाही उठवीन. कारण न सांगता हुकूम सोडला की माणसाला चिडचिड होणारच.

पंखवाली

खरं सांगू? घोषणेत "आग", "धूर", "बाहेर काढणं" असे शब्द आले की लोक घाबरतील, विमानात बसायलाच नको म्हणतील, अशी कंपन्यांना धास्ती असते. म्हणून सगळं गुळगुळीत करून "सुरक्षेसाठी" म्हणतात. मला ते पटत नव्हतं. एकट्या प्रवाशानं विचारलं की मी कारण सांगायचे आणि त्यानं पुन्हा कधी हुज्जत घातली नाही. पण माइकवर छापील मजकुराबाहेर एक शब्द बोलायची मुभा नसते. घोषणा इंग्रजीत लिहिलेली, कुणीतरी कार्यालयात बसून तिचा अनुवाद केलेला, आम्ही फक्त वाचणार.

शंकासुर

हा पहिला प्रतिसाद जो मला पूर्ण पटला.

पण एक शंका उरलीच. बोइंग 787 ला शटरच नाही, बटण आहे, काच निळी होत जाते. अपघातात वीज गेली तर काच काळीच राहणार ना? मग तुमच्या बाहेर बघण्याचं काय?

नटबोल्ट

उलट आहे. त्या काचेतल्या जेलला गडद राहायला वीज लागते. वीज गेली की ती हळूहळू आपोआप पारदर्शक होते. आणि उतरण्याआधी क्रू एका पॅनलवरून सगळ्या खिडक्या एकदम उजळू शकतात. त्या विमानात भटकभवानींना कुणी उठवणार नाही, परस्परच उजेड येईल.

भटकभवानी

म्हणजे तेव्हा विचारण्याचीही सोय नाही!

नवा_पक्षी

उशिरा आलो, माफी. उद्या सकाळचं विमान आहे. माझी पॉवर बँक 20,000 एमएएचची आहे. चालेल का? मोठ्या बॅगेत टाकून देऊ का?

नटबोल्ट

मोठ्या बॅगेत अजिबात नाही, ती सोबतच्या सामानातच. सामानकक्षात तिनं पेट घेतला तर तिथला आग विझवायचा वायू ज्वाळा दाबतो, पण लिथियमची आतली उष्णता थांबवत नाही. केबिनमध्ये निदान दिसतं आणि पाणी ओतून थंड करता येतं.

हिशेब: 20,000 गुणिले 3.7 व्होल्ट, भागिले 1000, म्हणजे 74 वॉट-तास. 100 पर्यंत सहसा परवानगी लागत नाही, 100 ते 160 साठी कंपनीला विचारावं लागतं, 160 च्या वर बंदीच. बँकेवर आकडा पुसट झाला असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात, आत्ताच बघून घ्या.

उडताना वापरायची की नाही ते कंपनीचं पान उघडून बघा. सिंगापूर एअरलाइन्सनं एप्रिल 2025 पासून आणि एमिरेट्सनं ऑक्टोबर 2025 पासून वापर बंद केलाय. 28 जानेवारी 2025 ला दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचं ए321 उभ्या उभ्या जळलं. आग वरच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि तपासात संशय पॉवर बँकवरच आला. आतले सगळे 176 जण वाचले. तेव्हा ती वरच्या कप्प्यात कोंबू नका, समोरच्या खिशात किंवा पायाशी ठेवा.

पंखवाली

आणि फोन सीटच्या फटीत पडला तर स्वतः शोधत सीट पुढे-मागे करू नका. आत चिरडला की पेट घेतो. घंटी वाजवा, आम्ही काढून देतो.

नवा_पक्षी

धन्यवाद! बँकेवर 74 लिहिलेलं सापडलं. सीट कुठली आली बघितलं, मधली आहे.

मधली_सीट

स्वागत आहे. दोन्ही हात ठेवायच्या दांड्या मधल्याच्या असतात, पहिल्या मिनिटात ताब्यात घ्या.